पिशवी उघडली जाणार, हे धरूनच भरा

नागपूरच्या प्रतापनगरातल्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलगा-सून बंगळूरला आहेत, यंदा पहिल्यांदाच त्यांच्याकडे गणपती बसतोय. चितार ओळीतली (मूर्तिकारांच्या गल्लीतली) शाडूची मूर्ती, संत्रा बर्फी, पुडाच्या वड्या, घरचं लोणचं आणि सावजी मसाला हे सगळं हातातल्या बॅगेतच न्यायचं आहे, कारण चेक-इनच्या बॅगा आपटतात. पुढे दिवाळीत लेकीकडे शारजाला जाताना अनारसे आणि चकल्याही न्यायच्या आहेत. यातलं काय नेता येईल, आणि फुटू नये म्हणून भरायचं कसं?

ताई, मी सोनेगावच्या विमानतळावर २२ वर्षं ग्राउंड स्टाफमध्ये काढली. आधी चेक-इन काउंटरवर, नंतर बोर्डिंग गेटवर. नागपूरकर माणूस प्रवासाला निघाला की सोबत खायचं नेणारच, हे मी रोज पाहिलंय आणि मला ते आवडतं. म्हणून जे ठाऊक आहे ते सगळं सांगते.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आधी तिच्याबद्दल बोलू. हातातली बॅग शेवटपर्यंत हातातच राहील, असं तुम्ही धरलंय. तसं होईलच असं नाही. एकतर सिक्युरिटीवर ती उघडायला सांगतात, आणि खाण्याने भरलेली असेल तर हमखास सांगतात. दुसरं म्हणजे विमान भरलेलं असेल, किंवा एटीआरसारखं लहान असेल, तर वरच्या कप्प्यात जागा उरत नाही आणि शिडीपाशी बॅग काढून घेऊन खाली पोटात टाकतात. म्हणून पिशवी उघडली जाणार आणि दोन तास दुसऱ्याच्या हातात जाणार, हे धरूनच भरायची. पुढचं सगळं यावरच बेतलेलं आहे.

बॅग का उघडायला सांगतात, ते समजून घेतलं की राग येत नाही. एक्स-रेच्या पडद्यावर वस्तू तीन रंगांत दिसतात. धातू निळा, सेंद्रिय ते नारिंगी आणि मधलं हिरवं. बर्फी, लाडू, खवा, पुरण, साबण हे सगळं नारिंगी. अडचण अशी की स्फोटकंही बहुतेक सेंद्रिय असतात, तीही नारिंगीच दिसतात. एक किलो बर्फीचा पुडा पडद्यावर एक घट्ट, चौकोनी, नारिंगी ठोकळा दिसतो. तिथे बसलेल्या सीआयएसएफच्या, म्हणजे विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या दलाच्या, जवानाला तो ठोकळा बघून पुढे सोडता येत नाही. त्यात तुम्ही तो स्टीलच्या जाड डब्यात घातला असेल तर डबा गडद निळा दिसतो आणि आतलं काहीच नीट कळत नाही. मग उघडा म्हणणारच.

म्हणून मिठाई आणि फराळ पारदर्शक प्लास्टिकच्या, झाकण चटकन निघणाऱ्या डब्यांत घ्या. सगळे डबे एका कापडी पिशवीत आणि ती पिशवी बॅगेत सगळ्यात वर. ट्रेमध्ये बॅग ठेवतानाच ती पिशवी बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायची आणि "यात खाण्याचं आहे" असं आपणहून सांगायचं. अर्ध्या मिनिटात मोकळ्या व्हाल. डब्याभोवती चिकटपट्टीचे वेढे घालू नका. लोक मायेपोटी घालतात, पण मग तिथे कात्रीही नसते आणि मागे रांग खोळंबते. चिकटपट्टी ओरबाडून काढताना चकल्यांचा चुरा झालेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. नाडी बांधा, नाहीतर रुंद इलॅस्टिक लावा.

आता तुमची यादी घेते.

लोणचं हातात न्यायचं नाही. तेल, तूप, लोणचं, रस्सा, श्रीखंड, मध हे सगळं नियमाच्या भाषेत द्रव किंवा जेलमध्ये येतं. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून बहुतेक देशांत १०० मिलीचा नियम आहे: प्रत्येक बाटली १०० मिलीपर्यंत आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. बाटली केवढी आहे ते बघतात, आत किती उरलंय ते नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी दोन चमचे तूप असलं तरी ती जात नाही. परदेशी प्रवासात हा नियम काटेकोर पाळतात. देशातल्या देशात पाण्याची बाटली बहुतेक वेळा जाऊ देतात, पण त्यावरून तूप-लोणचंही जाईल असा अर्थ काढू नका. बाळाचं दूध आणि औषधं यांना सवलत आहे, प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवायचं.

हे सांगताना मला काटोलकडचे एक आजोबा आठवतात. मुंबईमार्गे लेकीकडे मस्कतला चालले होते. हातात चिनीमातीची बरणी, तोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. माझ्याच काउंटरवर त्यांनी बॅग दिली, बोर्डिंग पास घेतला आणि बरणी कडेवर घेऊन सिक्युरिटीकडे गेले. दहा मिनिटांत परत आले, बरणी तशीच कडेवर. मोठी बॅग बेल्टवरून केव्हाच गेली होती. "मॅडम, तवाच सांगतल्या असत्या तर बॅगेत नसती का घातली," एवढंच म्हणाले. ते खरं होतं. बरणी मला दिसली होती आणि मी विचारलं नव्हतं. त्यांचा पुतण्या वर्धा रोडने परत निघाला होता, त्याला फोन करून बोलावलं आणि बरणी त्याच्या हवाली केली. त्या दिवसापासून मी काउंटरवर प्रत्येकाला विचारायचे: तेल, तूप, लोणचं, तिखट हातात आहे का? असेल तर इथेच मोठ्या बॅगेत घाला. तुम्हाला कुणी विचारेलच याची खात्री नाही, म्हणून घरीच वेगळं करा.

चेक-इनमध्ये लोणचं नेण्याची रीत अशी. ताजं घातलेलं लोणचं प्रवासाला नेऊच नका. ते आंबत असतं, त्यातून वायू सुटतो आणि झाकण ढिलं करतो. निदान महिनाभर मुरलेलं घ्या. काचेची बरणी नको, रुंद तोंडाची जाड प्लास्टिकची बरणी हवी. बरणी भरल्यावर तोंडाचे आटे कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसायचे, कारण आट्यांवर तेल राहिलं की झाकण कितीही आवळा, ते पाझरतंच. तोंडावर प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून मग झाकण लावायचं. बरणी दोन झिप-पिशव्यांत, आतल्या पिशवीत एक जुनं सुती फडकं, म्हणजे पाझरलं तर तेच शोषेल. बरणी गळ्यापर्यंत भरलेली बरी, अर्धी रिकामी नको. कारण विमानाच्या आतली हवा जमिनीवरच्या इतकी दाट नसते. आत ६ ते ८ हजार फूट उंचीवर असते तशी विरळ हवा ठेवलेली असते. बरणीतली अडकलेली हवा साधारण सव्वापट किंवा थोडी जास्त पसरते आणि बाहेर पडायला वाट शोधते. जितकी हवा आत, तितकं तेल बाहेर. चिवड्याची पाकिटं फुगून टम्म होतात ती यामुळेच. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब असाच असतो, म्हणून ही काळजी दोन्हीकडे घ्यायची. रबराच्या कडेचा स्टीलचा डबा उतरल्यावर उघडत नसेल तर जोर लावू नका. रबर एका बाजूने नखाने उचलून हवा आत जाऊ द्या, सहज निघतो.

सावजी मसालाही चेक-इनमध्येच. दळलेलं तिखट, मिरचीपूड आणि मसाले केबिनमध्ये अडवतात. कुणाच्या डोळ्यांत फेकता येतं, हे त्यामागचं कारण. भिवापुरी मिरचीचं तिखट तर विचारूच नका. बंगळूरला चेक-इनमधून न्यायला काहीच हरकत नाही, बहुतेक कंपन्या देशात १५ किलोपर्यंत सामान घेतात.

पण शारजाला जाताना मात्र इथे थांबून नीट वाचा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंद आहे, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. आपल्याला खसखस म्हणजे स्वयंपाकघरातला साधा डबा, तिथे तो गुन्हा ठरतो. सावजी मसाल्यात खसखस असते. अनारशावर लावलेली असते. खसखशीची भाजी, खसखस घातलेले लाडू, काही दुकानी मसाले यांतही असते. मी काउंटरवर असताना आखाती देशात जाणाऱ्या बायकांना हे सांगायचे तेव्हा निम्म्याजणींचा चेहरा उतरायचा, कारण डब्यात अनारसे असायचेच. सिंगापूरलाही खसखस चालत नाही. तेव्हा लेकीसाठी मसाला खसखस न घालता वेगळा दळा. गिरणीत दळणार असाल तर आधीच्या दळणातली खसखस मिसळू नये म्हणून घरच्या मिक्सरवरच करा. अनारसे तिळावर थापा. दिसतात सुंदर आणि चवीला कमी नाहीत. मसाल्याच्या पिशवीवर आत काय काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवा.

खोबऱ्याचंही एक सांगून ठेवते. गणपतीला म्हणून लोक सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊन निघतात. सुकं खोबरं तेलकट असतं, ढिगाने ठेवलं तर आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात गणलं जातं, १३६३ या क्रमांकाने. हातात तर नाहीच. अख्खा नारळही एरवी केबिनमध्ये जात नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२४च्या ऑक्टोबरात त्यासाठी खास सवलत काढावी लागली होती, तीही २० जानेवारी २०२५ पर्यंतचीच. नारळ आणि खोबरं बंगळूरला कोपऱ्यावर मिळतं, तिथेच घ्या. वड्यांत किंवा चटणीत किसून भाजलेलं खोबरं असतं, त्याला कुणी हात लावत नाही.

पुडाच्या वड्या आणि संत्रा बर्फी हातात न्या, हीच योग्य जागा. पुडाची वडी तळल्यावर पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे खरोखर गार. चार तास पंख्याखाली, जाळीवर. कोमट वडी डब्यात गेली की झाकणाला आतून पाणी धरतं, पारी मऊ पडते आणि आतला सांबार (कोथिंबीर) संध्याकाळपर्यंत आंबूस लागायला लागतो. पावसाळी हवेत तर हे फारच लवकर होतं. एका थरात मावतील तेवढ्याच वड्या एका डब्यात, खाली-वर बटर पेपर. सोबत कढी किंवा तर्री न्यायची नाही, ती तिथे करा. बर्फी दुकानातूनच खोक्यात बंद करून मिळते, पण खोकं पुठ्ठ्याचं आणि पातळ असतं. ते आपल्या ताठ डब्यात बसेल असं बघा. खव्याची मिठाई उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. घरून विमानतळापर्यंतचा प्रवास, दोन तास आधी पोहोचणं, विमानाचा उशीर, तिकडची टॅक्सी असे सहा-सात तास सहज जातात. नागपूरच्या मे महिन्यात मी कुणालाही खव्याचं नेऊ देत नाही, बेसनाचे किंवा डिंकाचे लाडू न्या म्हणते. थंडाव्यासाठी जेलच्या पिशव्या घालू नका. त्या जेलच असतात, आणि परदेशी प्रवासात त्यांना १०० मिलीचाच नियम लागतो.

चकल्या, अनारसे आणि कुरडया हे खरे नाजूक. अनारसे आडवे एकावर एक रचले की खालचे वरच्यांच्या वजनाने मोडतात. ते गोल डब्यात उभे, आडव्या केलेल्या नाण्यांच्या चळतीसारखे लावा, डब्याच्या कडेला मऊ कागदाची गुंडाळी. उभी चकती दाब जास्त सोसते. चकल्यांच्या डब्यात मधल्या फटी मुरमुऱ्यांनी भरा. मुरमुरे हलके असतात, सगळ्या खाचांत शिरतात, तेल लागलं तरी बिघडत नाही आणि पोहोचल्यावर त्यांचा चिवडा होतो. डबा बंद करून कानाशी हलवा. आवाज आला तर आणखी मूठभर घाला. आवाज अजिबात येता कामा नये, कारण जे हलतं तेच फुटतं. हा एकच नियम मूर्तीलाही लागू आहे.

आता मूर्तीकडे येते. तुमच्या प्रश्नातलं हे सगळ्यात अवघड काम आहे, म्हणून जरा वेळ घेऊन सांगते.

चितार ओळीत मूर्ती ठरवायला जाल तेव्हा मोजपट्टी सोबत न्या. बहुतेक कंपन्यांत हातातल्या बॅगेचं माप साधारण ५५, ३५ आणि २५ सेंटिमीटर असतं, वजन ७ किलो. घरची ११ इंची मूर्ती म्हणजे २८ सेंटिमीटर उंच. दोन्ही टोकांना चार-पाच सेंटिमीटर मऊ भरणं हवंच, म्हणजे झाले ३६-३८. लांबीत ते बसतं, पण मूर्तीची रुंदी आणि खोली बघा. मांडी घातलेल्या मूर्तीची रुंदी बरीच असते आणि २५ सेंटिमीटरच्या बाजूत भरणासकट ती बसत नाही. पहिल्या वर्षी ८-९ इंचांची, हात अंगालगत असलेली, प्रभावळ नसलेली मूर्ती घ्या. सोंड पोटाला टेकलेली असेल तर फारच छान. मूर्तिकाराला सांगा की विमानाने न्यायची आहे. तिथले जुने हात असे आहेत की ते आपणहून उंदीर आणि मोदक वेगळे करून देतात. त्यांच्याकडूनच त्याच शाडूची चिमूटभर पुडी आणि अंगाच्या रंगाची छोटी कुपी मागून घ्या. बोटाचं टोक उडालं तर स्थापनेआधी सांधता येतं.

मूर्ती आतपर्यंत वाळलेली हवी. वरून रंग कोरडा दिसतो, पण आत ओल असते आणि ओली शाडू जड असते, ठिसूळही. मागच्या बाजूला हात लावून बघा, थंडगार लागली तर अजून ओल आहे. निदान आठ-दहा दिवस आधी घरी आणा.

भरताना पहिला थर मऊ, धुतलेल्या मलमलीचा. फुग्यांचं प्लास्टिक थेट रंगावर लावू नका, उकाड्यात ते रंगाला चिकटतं आणि गोल ठसे उमटतात. वर्तमानपत्रही नको, शाई लागते. मलमलीच्या आधी कापसाच्या छोट्या सुरळ्या करून सोंड आणि पोट यांच्या मधल्या पोकळीत, उचललेल्या हाताच्या काखेत, कानांच्या मागे, मांडीच्या खाली अलगद बसवा. दाबून कोंबायच्या नाहीत, नुसता आधार द्यायचा. आपण बाळाच्या मानेखाली हात धरतो ना, तसा. सोंड, बोटं, कान या पुढे आलेल्या भागांवर वरून दाब येतो आणि तेच मोडतात. खालून आधार असला की दाब पोटावर आणि पाठीवर जातो, तिथे माती जाड असते.

मग मलमल गुंडाळा, त्यावर जुन्या सुती लुगड्याच्या चार घड्या आणि मग ताठ पुठ्ठ्याचं खोकं. खोक्याच्या सहाही बाजूंना दोन बोटं तरी मऊ भरण हवं. हे खोकं बॅगेत घालताना बॅग आणि खोकं यांच्यामध्ये कपडे भरा. आता महत्त्वाचं. बॅग तुम्ही उभी न्याल, पण विमानाच्या वरच्या कप्प्यात ती आडवी होणार. तेव्हा मूर्ती आडवी असतानाही सुरक्षित राहील अशी भरायची, पाठीवर निजलेली, तोंड वर. ज्या बाजूला पाठ आहे त्या बाजूला बॅगेवर बाहेरून खूण करा आणि कप्प्यात ठेवताना ती बाजू खाली करा. कुणी म्हणेल देव आडवा कसा ठेवायचा. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मूर्ती आहे, तिला जपून नेणं हेच महत्त्वाचं.

खोक्याचं झाकण नाडीने बांधा आणि आतल्या मूर्तीचा मोबाइलवर फोटो ठेवा. एक्स-रेत भरीव माती गडद दिसते, ती दाखवा म्हणतील. फोटो दाखवायचा, "मातीचा गणपती आहे, नाजूक आहे, मी उघडू का" असं विचारायचं आणि स्वतःच्या हाताने उघडायचं. गणपतीच्या दिवसांत तपासणारे जवानही हात जोडून, हळुवारपणे बघतात, हे मी स्वतः पाहिलंय. धातूचा त्रिशूळ किंवा परशू वेगळा असेल तर तो चेक-इनमध्ये. पूजेच्या सामानातला अडकित्ता आणि सुरीही तिकडेच.

वजनाचा हिशेब घरी करा. चाकांची बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे सातातले चारच उरतात. चाकं लादीवरून खडखडत जातात तेव्हा सगळे धक्के मूर्तीला बसतात ते वेगळंच. मूर्तीसाठी मी नेहमी ताठ बुडाची, रुंद पट्ट्यांची कापडी पिशवी सांगते. ती खांद्यावर घ्यायची. खाण्याचे डबे तुमच्या यजमानांच्या बॅगेत घाला. एका माणसाला एकच हातबॅग असते, पर्स तेवढी वेगळी चालते. तिकीट काढताना आपत्कालीन दाराजवळची जागा घेऊ नका, तिथे पायाशी काही ठेवू देत नाहीत. विमानात लवकर चढा, म्हणजे आपल्याच डोक्यावरच्या कप्प्यात जागा मिळेल. हवाईसुंदरीला एका वाक्यात सांगून ठेवा, वरून दुसऱ्याची जड बॅग कोंबली जाताना ती लक्ष ठेवते.

आणि शिडीपाशी बॅग मागितलीच, तर वाद घालू नका, पण "मातीची मूर्ती आहे" हे शांतपणे सांगा. बहुतेक वेळा दुसरं काहीतरी खाली पाठवून मूर्ती वर ठेवू देतात. नाहीच जमलं तर बॅग देण्याआधी औषधं, कागद, दागिने आणि पॉवर बँक काढून घ्या. पॉवर बँक खाली जाऊच शकत नाही. तानपुरा किंवा वीणा नेणारे कलाकार वेगळी सीट विकत घेऊन वाद्य शेजारी बांधतात. घराण्यातली जुनी मोठी मूर्ती असेल तर तशी सोय कंपनीला विचारा.

भरपाईच्या भरवशावर मात्र काही नेऊ नका. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागतो, भारत त्यात २००९ पासून आहे. त्यानुसार हातातल्या सामानाचं नुकसान झालं तर कंपनीची किंवा तिच्या माणसांची चूक असेल तरच ती जबाबदार. चेक-इनचं सामान फुटलं तर सात दिवसांत लेखी तक्रार हवी, आणि वस्तू मुळात नाजूक होती म्हणून फुटली असं ठरलं तर तेवढ्यापुरती जबाबदारी कंपनीवर येत नाही.

संत्र्यांचं तुम्ही विचारलं नाही, पण आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमाराला येतात तेव्हा सगळे विचारतात, म्हणून सांगते. बंगळूर-पुण्याला हातातून खुशाल न्या. आपल्या संत्र्याची साल सैल असते, म्हणून ते सोलायला सोपं आणि दबायलाही सोपं. देठ ओढून काढलेलं फळ लवकर सडतं, कात्रीने देठ कापलेली बघून घ्या. दोन थरांपेक्षा जास्त नको, मध्ये कागद, आणि पिशवीला हवा लागू द्या.

युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. विमानात काय चालतं आणि त्या देशात काय चालतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दूधदुभतं आणता येत नाही. फळांत अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढीच प्रमाणपत्राशिवाय चालतात, म्हणजे जर्मनीला संत्री नाहीत. पेढा किंवा खव्याची बर्फी दुधाचा पदार्थ धरली जाऊ शकते, तिथे शेव-चिवडा न्या. अमेरिकेत खापरा किड्यामुळे भारतातून तांदूळ नेता येत नाही. ऑस्ट्रेलियात बुटाला लागलेली मातीही तपासतात, मग कच्च्या मातीची मूर्ती न्यायचा विचार सोडा. कुठेही जा, अर्जावर खाण्याचं आहे का असं विचारलं असेल तर हो लिहा. हो लिहिलं तर फार फार तर वस्तू काढून घेतात, नाही लिहून सापडलं तर दंड होतो.

बंगळूरला घरी पोहोचल्यावर लगेच मूर्ती काढायची घाई करू नका. खोकं पाटावर आडवंच ठेवा, झाकण काढा, लुगड्याच्या घड्या बाजूने सोडवा. मूर्ती उचलताना एक हात बैठकीखाली, दुसरा पाठीला. हाताला किंवा डोक्याला धरून कधीही उचलायची नाही. उभी केल्यावर मलमल काढा आणि कापसाच्या सुरळ्या सगळ्यात शेवटी, सोंडेखालची तर अगदी शेवटी. त्या ओढायच्या नाहीत, चिमटीत धरून फिरवत काढायच्या, म्हणजे बोटांत अडकत नाहीत.

मूर्तीचं नक्की माप कळलं की पुन्हा लिहा. खोकं केवढं हवं ते मी मोजून सांगते.